हात तिथंच ठेव

मिरजेच्या आमच्या कुंग फूच्या क्लासात एक वाक्य रोज शंभरदा कानावर पडायचं. ‘हात तिथंच ठेव.’ जोडीतल्या एकानं ठोसा मारायचा. दुसऱ्यानं तो अडवून मनगट धरायचं, कोपर पिरगळायचं, गळ्यावर तळहाताच्या कडेनं फटका द्यायचा आणि शेवटी गुडघ्याच्या लवणीत लाथ घालून पहिल्याला खाली बसवायचं. हे सगळं उरकेपर्यंत पहिल्यानं ठोशाचा हात हवेत तसाच धरून उभं राहायचं, दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखा. कुणी चुकून हात मागं घेतला की सरांचा आवाज यायचा. तीन वर्षं मी इमानेइतबारे हात तिथंच ठेवला आणि दुसऱ्यांनी ठेवलेले हात पिरगळले.

साल १९८६. शेजारच्या वाड्यात भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर चाळीसेक माणसांत दाटीवाटीनं बसून मी ‘एंटर द ड्रॅगन’ पाहिला होता. सिनेमा १९७३ चा. ब्रूस लीसुद्धा त्याच साली जुलैत गेला, अवघ्या ३२ व्या वर्षी. आमच्या गल्लीत तो पोचला तेव्हा त्याला जाऊन तेरा वर्षं झाली होती, पण आम्हाला तो कालच भेटल्यासारखा वाटत होता. दुसऱ्या दिवशी गल्लीतली निम्मी पोरं अंगठ्यानं नाक पुसत हिंडत होती. आठवड्याभरात मी क्लासला नाव घातलं. महिना तीस रुपये फी, शाळेच्या मागचं मैदान, पंचवीस-तीस पोरं आणि एकटे सर.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की ही विद्या मूळची आपलीच. बोधिधर्म कांचीहून निघाला, शाओलिन मठात पोचला आणि तिथल्या भिक्षूंना त्यानं हे शिकवलं. आमच्या छात्या दोन इंच फुगल्या. पुढं कधीतरी वाचनात आलं की ज्या पुस्तकाच्या आधारानं ही गोष्ट सांगतात ते सतराव्या शतकातलं, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारभर वर्षांनी लिहिलेलं. आणि तांग हाओ नावाच्या चिनी अभ्यासकानं १९३० च्या सुमारासच ही कथा निकालात काढली होती. सरांना मी ते कधी सांगितलं नाही.

पहिले सहा महिने सरांनी आम्हाला घोड्यावरच ठेवलं. घोडा म्हणजे पाय फाकवून, मांड्या जमिनीला समांतर येईपर्यंत खाली बसायचं. चिनी नाव मा बू; आम्ही ‘घोडा लावणं’ म्हणायचो. सर उदबत्ती लावायचे. ती अर्धी जळेपर्यंत उठायचं नाही. कुणाच्या मांड्या लटलटायला लागल्या की त्यावर पाण्याचा पेला ठेवायचे, सांडला तर पुन्हा पहिल्यापासून. त्या महिन्यांत सकाळी संडासात बसल्यावर उठताना मी भिंत धरायचो. मग फॉर्म आले: वाघाचा, बगळ्याचा, सापाचा. गणपतीत मंडळाच्या मांडवासमोर आमची प्रात्यक्षिकं व्हायची. कौलं फोडायची. मंगलोरी कौलं आधी चार दिवस कडक उन्हात वाळवायची, ओल्या कौलाला हात लावायचा नाही, हे क्लासचं गुपित होतं. आता चाळीस वर्षांनी सांगायला हरकत नाही.

पहिली खरी मारामारी १९८९ च्या मे महिन्यात झाली, सांगलीच्या एसटी स्टँडवर. लग्नसराई, गाडीला ही गर्दी. मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आत जाऊन बघतो तर माझ्या रुमालावर तिशीचा एक गडी ऐसपैस बसलेला. ‘रुमालावर नाव लिवलंय का तुझं?’ शब्दानं शब्द वाढला आणि आम्ही दोघं खाली उतरलो. मला आतून बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. तीन वर्षांची तयारी होती आणि समोर आयतं गिऱ्हाईक होतं.

मी पवित्रा घेतला. पुढचा हात उघडा, मागची मूठ कमरेला. त्यानं कसलाच पवित्रा घेतला नाही. त्याच्या डाव्या हातात नायलॉनची पिशवी होती, ती त्यानं शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. उजव्या हातानं त्यानं माझ्या कानाखाली लगावली. मी अडवायला हात वर नेला तोवर त्याचा हात परत जाऊन दुसऱ्यांदा निघालाही होता. दुसरीही बसली. मनगट धरायचं तर मनगट जागेवर हवं ना! तिसऱ्या वेळी त्यानं माझी कॉलरच धरली.

पुढचं मला सलग आठवत नाही. आवाज बंद झाले होते. त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण फक्त दिसत होतं, ते तुटलेल्या दोऱ्यावर लोंबकळत होतं. लाथ मारायला जागाच नव्हती, एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला रसवंतीचा गाडा. वाघ, बगळा, साप, कुणीही मदतीला आलं नाही. माझे दोन्ही हात त्याच्या केसांत होते आणि मी ते ओढत होतो, लहानपणी बहिणीशी भांडताना ओढायचो तसे. कंडक्टर ओरडला, ‘बसायचं असंल तर बसा, न्हाईतर डबल बेल मारतो.’ आम्ही दोघं बसलो. म्हणजे तो बसला, मी कोल्हापूरपर्यंत उभा. रुमालही गेला.

एक गोष्ट मात्र त्या गोंधळातही जाणवली होती. त्यानं कॉलर धरून मला तीन-चारदा हिसडलं, अंगानं तो माझ्या दीडपट, तरी मी पडलो नाही. पाय आपोआप रुंद होऊन खाली बसले होते. घोड्यानं तेवढी लाज राखली.

त्या दिवशी मी निघालो होतो मामाकडे. मामेभाऊ अण्णा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, कोल्हापुरातल्या एका तालमीत राहून कुस्ती करायचा, उन्हाळ्यापुरता गावी आलेला. माझा सुजलेला गाल बघून त्यानं आधी पोटभर हसून घेतलं, मग म्हणाला, ‘तुझं ते चिनी काय हाय, दाव बघू जरा.’ संध्याकाळी गावच्या तालमीच्या हौद्यात उतरलो. ताक, तेल, हळद मुरवलेली तांबडी माती, तिचा तो आंबूस वास. मी क्लासात नावाजलेली लाथ काढली, गोल फिरून थेट डोक्यापर्यंत जाणारी. अण्णानं ती काखेत धरली, एक पाऊल पुढं आला, आणि मी पाठीवर. दुसऱ्या वेळी कमरेएवढी मारली. तीही काखेत. तिसऱ्या वेळी लाथ निघायच्या आतच तो खाली गेला आणि त्यानं माझा पट काढला. छातीवर बसून विचारतो, ‘पाय देतोयस कशाला फुकटचा?’

मग मी हट्टानं म्हटलं, लाथ नाही, पण तोंडावर मारायची परवानगी दे. तो म्हणाला, मार की. या वेळी तो हात पसरून आत आला आणि मी सरळ रेषेत, छातीच्या मधोमध धरलेल्या मुठी एकामागून एक सोडल्या. त्यातली एक नाकावर बसली. जोरात नव्हती. पण अण्णा जागच्या जागी थांबला, डोळे घट्ट मिटले, पाणी आलं. दहा वर्षं रोज माती अंगावर घेणाऱ्या या गड्याला तोंडावर मार खायची सवयच नव्हती. तालमीत कुणी कुणाच्या नाकावर मारत नाही. तो क्षणभर माझा होता. मी त्याचं काही केलं नाही, कारण पुढं काय करायचं ते मला सुचलंच नाही. डोळे उघडल्यावर त्यानं मला उचलून हौद्याच्या बाहेर ठेवलं, टाकलं नाही. घरी मामीनं दोघांनाही शिव्या घातल्या.

क्लासात परत गेल्यावर मी हे सगळं मित्रांना सांगितलं. त्यांचं उत्तर तयार होतं, आणि ते मी पुढं अनेकांकडून ऐकलं: आपली खरी हत्यारं वेगळी आहेत. डोळ्यात बोटं, गळ्याच्या घाटीवर फटका, जांघेत लाथ. ती खेळात चालत नाहीत म्हणून आपण हरतो, खऱ्या प्रसंगात बघ. मलाही हे बरीच वर्षं पटत होतं. अडचण एवढीच की डोळ्यात बोटं घालायचा सराव आम्ही कुणाच्या डोळ्यांवर केला होता? हवेवर. जी गोष्ट जिवंत, हलत्या, विरोध करणाऱ्या माणसावर एकदाही करून पाहिलेली नाही ती घाबरलेल्या अवस्थेत पहिल्या फटक्यात जमेल, हा विश्वास कुठून आला होता कोण जाणे. जपानात जिगोरो कानोनं १८८२ मध्ये कोदोकान काढलं तेव्हा नेमकं उलट केलं. जीवघेणे डाव खुल्या सरावातून बाहेर काढले आणि उरलेले पूर्ण ताकदीनं रोज एकमेकांवर करायला लावले. डाव कमी झाले, पण उरलेले अंगात मुरले. अण्णाच्या तालमीत वेगळं काय चाललं होतं? त्याला डाव पन्नास येत असतील, पण पट तो झोपेतही काढायचा.

डिप्लोमा संपला, नोकरीनिमित्त भोसरीला आलो. १९९६ च्या सुमारास तिथं एका हॉलमध्ये सांडाचा क्लास सुरू झाल्याचं कळलं. सांडा म्हणजे कुंग फूचाच लढतीचा भाग, चीनमध्ये नियम घालून खेळ केलेला. ठोसे, लाथा आणि पाडणं, तिन्ही चालतं. कोपर-गुडघ्यांचे फटके चालत नाहीत. आठ मीटर लांबी-रुंदीचा, ऐंशी सेंटिमीटर उंचीचा मंच असतो, त्यावरून समोरच्याला खाली घालवलं तरी गुण. दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या. आमच्याकडे मंच नव्हता, फरशीवर गाद्या होत्या, आणि हेल्मेट तीन जणांत एक. ते घालायच्या आधी फडक्यानं पुसायचं, एवढाच आरोग्यविभाग.

पहिल्या दिवशी वीस वर्षांच्या एका पोरासमोर उभा राहिलो. दोन मिनिटं म्हणजे काय असतात ते तेव्हा कळलं. चाळीस सेकंदांत माझा श्वास संपला. उदबत्ती अर्धी जळेपर्यंत घोडा लावणारा मी, कमरेवर हात ठेवून उभा होतो. ब्रूस लीचीही एकदा अशीच गत झाली होती. १९६४ मध्ये ओकलंडला वाँग जॅक मॅनबरोबर त्याची बंद दाराआड लढत झाली. कोण जिंकलं यावर आजही वाद आहेत, पण ब्रूस लीला ती जिंकूनही लागलेली धाप आणि लागलेला वेळ खटकला, आणि तिथून पुढं त्यानं स्वतःचा व्यायाम आणि पद्धत दोन्ही बदलली, असं त्याच्या बायकोनं सांगितलं आहे. हे वाचून मला थोडा धीर आला होता.

सांडात मला दोन धक्के बसले. पहिला असा की अण्णानं केलं तेच इथं पाठ्यक्रमात होतं. आलेली लाथ धरायची आणि उभ्या पायावर झाडू मारायचा. चिन्यांची स्वतःची कुस्ती आहे, श्वाय ज्याओ, तिच्यातून हे डाव आलेत. दुसरा धक्का जास्त मोठा होता. प्रशिक्षकांनी एक फेक शिकवली: आपला पुढचा पाय समोरच्याच्या पायामागं खोलवर न्यायचा, गुडघ्यात वाकवायचा, मागचा पाय ताणायचा आणि एका हातानं छातीवर रेटायचं. मी करायला गेलो आणि थांबलो. हा तर आमचा बो स्टान्स! मिरजेत हजारो वेळा हवेत केलेला. सरांनी सांगितलं होतं की पुढचा हात हा ब्लॉक आहे. तो ब्लॉक नव्हताच, तो रेटा होता, आणि पवित्रा म्हणजे पाय अडकवणं. फॉर्ममध्ये सगळं होतं. पत्राच्या पाकिटावरचे शिक्के आम्ही मन लावून गोळा करत होतो, पाकीट कुणी फोडलंच नव्हतं.

आणि हे चालतं. व्हिएतनामात जन्मलेला, अमेरिकेत सांडा खेळून वर आलेला कुंग ली २००८ मध्ये फ्रँक शॅमरॉकशी लढला तेव्हा लाथा अडवता अडवता शॅमरॉकचा हात मोडला. मिश्र युद्धकलांच्या पिंजऱ्यातल्या लढतींत कुंग फूला कुणी विचारत नाही म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. आपल्याकडे २०१७ मध्ये पूजा कादियाननं वुशूच्या जागतिक स्पर्धेत सांडाचं सुवर्ण आणलं, भारताचं पहिलं. मणिपूरच्या रोशिबिना देवीनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं आणि २०२३ मध्ये हांगझोऊला, म्हणजे चिन्यांच्याच अंगणात, रौप्य. आपल्या वर्तमानपत्रांत त्या बातम्या क्रिकेटच्या खाली कुठंतरी होत्या.

आता ती रात्र. २००४, दुसरी पाळी करून साडेअकराला स्कूटरवरून निघालो होतो. हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर तिघं पोरं मोटारसायकल आडवी लावून थांबलेली. ‘चावी दे.’ एकानं जर्किनच्या छातीला हात घातला. मी विचार केला नाही. पाय उचलला आणि तळव्यानं त्याला पोटावर रेटलं. मार म्हणावा असा तो नव्हताच, नुसतं ढकलणं. पण तो मागच्यावर गेला, दोघं मोटारसायकलवर, आणि मला दोन सेकंदांची मोकळी जागा मिळाली. तिसरा डाव्या बाजूनं माझ्या हातावर काहीतरी मारून गेला. मी दुभाजकातल्या कण्हेरीच्या झुडपांतून पलीकडं पळालो, तो थेट पेट्रोल पंपाच्या उजेडात.

तिथल्या माणसानं विचारलं, ‘साहेब, जर्किनला काय झालं?’ डावी बाही कोपरापासून मनगटापर्यंत सरळ उसवली होती. आत कातडीवर मांजरानं ओरबाडावं तशी रेघ, थोडं रक्त. मला कोयता दिसला नव्हता. लागल्याचंही कळलं नव्हतं, वाटलं होतं ठोसा बसला. क्लासात आम्ही चाकूचे डाव शिकलो होतो, लाकडी चाकूवर. चाकू पोटाकडं यायचा आणि तिथंच थांबायचा. आपण मनगट पिरगळायचं, चाकू खण्‌कन खाली पडायचा. त्या रात्री तिसऱ्यानं हात तिथं ठेवला असता तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. त्यानं ठेवला नाही, आणि मला तर तो दिसलाच नाही. स्कूटर दुसऱ्या दिवशी तिथंच आडवी पडलेली मिळाली, चावीसकट.

कुंग फूनं त्या रात्री वाचवलं का? ती रेटायची लाथ सांडाच्या हॉलमध्ये रोज चाळीस-पन्नासदा, माझ्यावर चाल करून येणाऱ्या माणसावर मारलेली होती, म्हणून न बोलावता आली. अंतर राखायची सवय होती. बाकी पळणं मी कुठल्याही क्लासात शिकलो नव्हतो.

२०११ मध्ये कंपनीनं मशीन बघायला बारा दिवस चीनला पाठवलं, ग्वांगडाँग प्रांतातल्या फोशानला. माझा आनंद साहेबांना कळला नाही. फोशान म्हणजे वाँग फेइ-हुंगचं गाव, ब्रूस लीचे गुरू इप मॅन यांचं गाव. तिथल्या त्सुम्याओ या जुन्या मंदिराच्या आवारात दोघांचीही स्मारकं आहेत. रविवारी तिथं गेलो. सिंहाचं नृत्य बघितलं, फोटो काढले. पण लक्षात राहिला तो हॉटेलजवळच्या बागेतला म्हातारा. सकाळी दोघं-तिघं जण समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या हातांना हात चिकटवून गोल फिरवत होते. विंग चुनमधला हा चिकट हातांचा सराव, ची साओ. मी खुणेनं विचारलं. म्हाताऱ्यानं मान हलवून जागा दिली.

माझी मनगटं त्याच्या मनगटांना लागली आणि पुढची दहा मिनिटं तो मला मारत होता. हळू, बोटांनी, छातीवर, हनुवटीवर, टपली मारावी तसा. मी हात हलवला की त्याला आधीच कळलेलं असायचं. डोळे तर तो बागेतल्या दुसऱ्यांकडं फिरवत होता. मी जोर लावला की तो जोर माझ्याच अंगावर वळायचा. एसटी स्टँडवर कॉलर धरल्यानंतरच्या त्या गिचमिडीत, जिथं ना लाथेला जागा ना ठोशाला, तिथं हे हात माझ्याकडं असते तर! इतकं जवळचं अंतर इतकं नीट वापरणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मग मला खोडी सुचली. मी हात सोडवून अर्धं पाऊल मागं गेलो आणि लांबून एक ठोसा दाखवला. त्याचे हात हवेत चिकटायला काहीतरी शोधत राहिले. तो हसला, मला बोलावलं, पुन्हा मनगटं लावायला सांगितली. मी पुन्हा मागं सरलो नाही. ते बरं दिसलं नसतं.

२०१७ च्या मे महिन्यात क्लासातल्या एका जुन्या मित्रानं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. चीनमधल्या चेंगडूत शू श्याओडाँग हा मिश्र युद्धकलांचा प्रशिक्षक आणि वेइ लेइ हे ताय चीचे गुरू यांच्यात २७ एप्रिलला झालेली लढत. अर्ध्या मिनिटाच्या आत गुरू जमिनीवर आणि वर ठोसे. खाली मित्राचा प्रश्न: ‘आपली तीन वर्षं वाया?’ चीनमध्ये यावरून गदारोळ उठला. मला वेगळंच काही आठवलं. १७ जानेवारी १९५४ ला मकावमध्ये ताय चीचे वू गाँगयी आणि पांढऱ्या बगळ्याच्या पद्धतीचे चान हाक-फू यांची जाहीर लढत झाली होती, आगीत बेघर झालेल्यांच्या मदतीसाठी. तिची जुनी फिल्म मी पाहिली आहे. एक पन्नाशी ओलांडलेला, दुसरा पस्तिशीच्या आसपास, दोघंही आपापल्या पद्धतीतले नामवंत. घंटा झाल्यावर दोघांचे पवित्रे जातात, हात आडवेतिडवे फिरतात, एकाचं नाक फुटतं. निकाल ना जय ना पराजय. पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, ही तर सांगलीच्या स्टँडवरची मारामारी, फक्त पिशवी नाही.

त्या दिवाळीत मिरजेला गेलो तेव्हा मुद्दाम सरांकडं गेलो. सर ६७ वर्षांचे. क्लास बंद होऊन वीसेक वर्षं झालेली. मी मोबाइलवर दोन्ही लढती दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून नीट बघितल्या, दुसऱ्यांदा लावायला सांगितल्या. मग म्हणाले, ‘मी आयुष्यात दोनदाच मारामारी केली. एकदा हे झालं.’ त्यांनी वरच्या ओळीतल्या दोन दातांवर बोट ठेवलं. कवळीचे ते दात, सरांच्या हसण्यात ते किंचित जास्त पांढरे दिसायचे. आम्ही तीन वर्षं ते पाहत आलो होतो. मार्केट यार्डात एका हमालाशी हमालीवरून भांडण झालं होतं, १९७९ साली. म्हणजे आम्हाला शिकवायला लागण्याच्या आधीच.

‘मग आम्हाला का नाही सांगितलंत?’

‘तुम्ही विचारलं कधी?’

मी जरा धीटपणे पुढचं विचारलं. सर, तुम्हाला माहीत होतं ना, की कुणी हात तिथं ठेवत नाही?

सर हसले. ‘लेका, तुम्ही तीस पोरं, मी एकटा. हेल्मेट नाही, हातमोजे नाहीत. फी तीस रुपये, त्यातली निम्म्यांची राहिलेली. हात मागं घ्यायला सांगितलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कुणाचं तरी नाक फुटलं असतं आणि तुझा बाप माझ्या दारात उभा राहिला असता. क्लास चालवायचा होता मला.’

इतकं सरळ उत्तर मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. मी बो स्टान्सचंही विचारलं, त्या रेट्याचं. सर विचारात पडले. म्हणाले, ‘मला ज्यानं शिकवलं त्यानं ब्लॉकच सांगितला होता. दाव बघू.’ मी त्यांच्या मागं पाय घालून हळूच छातीवर हात ठेवला. ते मागं झुकले, तोल सावरला, आणि ‘हां’ म्हणाले. मग माझ्यावर करून पाहिलं. दोनदा. तिसऱ्या वेळी जरा जोरातच केलं.

काकूंनी फराळाची ताटं आणली. आम्ही जमिनीवरच पाटावर बसलो. चकल्या झाल्या, चहा झाला, अण्णाच्या नाकाची गोष्ट सांगून झाली. निघताना सर मांडी सोडून, कशालाही हात न लावता, सरळ उभे राहिले आणि चपला घालायला दाराकडं गेले. मी पंचेचाळीस ओलांडलेला, गुडघ्यावर एक हात आणि भिंतीवर दुसरा ठेवून उठत होतो. त्यांनी वळून बघितलं.

‘घोडा सोडलास वाटतं.’